आधी पाणी उपसा



आपण कोरड्या मुलखातली माणसं. नवरा-बायकोच्या प्रवासातलं आपलं वादळ म्हणजे पैठण रस्त्यावर गाडी बंद पडणं. बॉनेट उघडायच्या आतच "मी सकाळीच म्हटलं होतं" सुरू होतं. आमच्याकडे तरी होतं. ह्यांच्या हातात पाना असतो आणि मी मागच्या सर्व्हिसिंगची तारीख काढून बसलेली असते.

पण पाणी आपल्याला अगदीच परकं नाही. पैठणला नाथसागर हा जलाशय आहे. 1976 साली जायकवाडी धरण पूर्ण झालं आणि गोदावरी सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरली. पाणी अफाट, पण उथळ. पश्चिमेचा वारा सुटला की मोकळ्या पाण्यावरून थेट धरणाच्या भिंतीकडे धावतो आणि बघता बघता लाटा उठतात. या पाण्यात काही जोडपी मासे धरतात. तो वल्ही मारतो, ती जाळं ओढते.

पैठणच्या अलीकडे काठावर अशाच एक बाई जाळ्यातून चिलापी सोडवत बसल्या होत्या. नजर माझ्याकडे, बोटं जाळ्यात. म्हणाल्या, एकदा ऐन वाऱ्यात नावेच्या तळाची फट उघडली. पाणी घोट्याला लागलं. त्यांनी डोक्याचा रुमाल फटीत कोंबला, वर टाच दाबली आणि डब्यानं पाणी उपसायला घेतलं. नवऱ्यानं वल्ही सोडली नाहीत. नवं जाळं कापून पाण्यात सोडून दिलं.

"एकमेकांना काही बोलला नाहीत?"

"बोलता कवा, ताई? तोंड चाललं की हात थांबतो."

मला मॉरिस आणि मॅरलिन बेली हे इंग्रज जोडपं आठवलं. घर विकून त्यांनी 31 फुटी शिडाची बोट घेतली आणि दोघांची नावं जोडून तिला 'ऑरलिन' म्हटलं. 4 मार्च 1973 च्या सकाळी पॅसिफिक महासागरात देवमाशानं बोटीला धडक दिली. भोकावर बाहेरून शिडाचं कापड लावून झालं, पंप मारून झाला. पण तासाभरात बोट बुडाली. उरला हवेचा तराफा आणि रबरी होडी. मदत मागायची सोय नव्हती, कारण बोटीवर ट्रान्समीटर नको, हा मॉरिसचाच आग्रह. रेडिओवर बोलणाऱ्या माझ्यासारख्या बाईला हे जरा जास्तच लागतं! मॅरलिनच्या जागी मी असते, तर "तरी मी म्हणत होते" एवढ्यावर महिने काढले असते.

मॅरलिननं सेफ्टी पिना वाकवून गळ केले. कागद कापून पत्ते आणि डॉमिनो केले. मॉरिस खचून पडला की ती पुढच्या बोटीचा विषय काढायची: तिचा आराखडा कसा असेल, पहिल्या दिवशी जेवायला काय करायचं. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. सात जहाजं त्यांना न बघता निघून गेली. 30 जूनला एका कोरियन मासेमारी जहाजानं त्यांना उचललं. समुद्रावर तोवर जवळजवळ चार महिने गेले होते. पुढे त्यांनी खरंच दुसरी बोट केली आणि पुन्हा निघाले.

अशी जोडी नवरा-बायकोचीच हवी असं नाही. आपल्या नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा 2 ऑक्टोबर 2024 ला गोव्याहून 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 29 मे 2025 ला परतल्या. 56 फुटांची शिडाची नौका आणि माणसं दोनच. दोघांच्या नावेत एक झोपला की दुसरा एकटाच असतो. दुसरीनं बांधलेली दोरी रात्री उठून पुन्हा तपासायला लागलं, तर झोप दोघींचीही जाणार. मी तर ह्यांनी बंद केलेला गॅस उठून पुन्हा बघते.

नाथसागरच्या काठावरून निघताना जाळ्यातून मासे सोडवणाऱ्या त्या बाईंना विचारलं, "मग काठावर आल्यावर भांडण नाहीच झालं?"

बाई हसल्या. "झालं की! नाव उलटी घातली, डांबर तापवलं, अन् मग सुरू झालं ते पार दिवेलागणीपर्यंत. डांबर मारायचं ह्यांनीच इसरलं होतं ना!"