नाव कोरायचं की नाही

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी भाषणबाज नाही. माती कालवणारा, छिन्नी धरणारा माणूस. मला सांगितलंय, एड्सनं गेलेल्यांचं आणि एच.आय.व्ही. घेऊन जगणाऱ्यांचं शिल्प भर चौकात उभं करायचं तर कसं, त्यावर बोल. बोलतो. पण माझ्याकडं तयार नकाशा नाही. एक भांडण आहे, घरातलं.

माझी मावशी १९९९ साली गेली. वॉर्डात तिच्या खाटेला पाटी लावलेली, मोठ्या अक्षरात. जेवणाचं ताट पायानं सरकवायचे. हे आपल्याला नवं नाही. पण तिच्या मयताला खांदा द्यायला आपल्याच वस्तीतली माणसं मागं सरली, ते नवं होतं. त्यावर आपण सभेत बोलत नाही.

म्हणून मी ठरवलं, दगडावर पहिलं नाव मावशीचं. तिच्या पोरीला सांगितलं. ती म्हणाली, "दादा, तू आईचं नाव कोरशील, लोक माझं वाचतील. माझ्या पोरांचं वाचतील."

मी गप.

दगडावरच्या नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. भीमा कोरेगावच्या स्तंभावर 'नाक'नं संपणारी नावं आहेत. १८१८ची लढाई. ती नावं नसती तर आपण तिथं होतो हे कुणी कबूल केलं असतं? ती नावं वाचली की छाती पुढं येते. ह्या रोगातलं नाव वाचलं की खोली भाड्यानं मिळत नाही. दगड तोच, छिन्नी तीच. वाचणारा डोळा बदलत नाही तोवर कोरणारानं काय करायचं?

दुसऱ्यांनी काय केलं बघू. १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोर्चा निघाला. लोकांनी मेलेल्यांची नावं पुठ्ठ्यांवर लिहून सरकारी इमारतीच्या भिंतीला चिकटवली. क्लीव्ह जोन्स नावाच्या कार्यकर्त्याला ती भिंत गोधडीसारखी दिसली. १९८७च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या मैदानावर खरी गोधडी अंथरली, १९२० तुकडे. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हंजे एका कबरीएवढा. आज पन्नास हजाराच्या आसपास आहेत. मंत्र्यानं कापड कापलं नाही की शिल्पकारानंही नाही. आई, मित्र, जोडीदार, ज्याचं माणूस गेलं त्यानं शिवलं. काही तुकड्यांवर पूर्ण नाव, काहींवर अर्धंच. अर्धं नावसुद्धा त्यांनी शिवून घेतलं, हे मला फार मोठं वाटतं.

आता डर्बन. गुगू द्लामिनी या बाईनं १९९८ साली उघड सांगितलं, मला एच.आय.व्ही. आहे. त्याच डिसेंबरात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जमावानं तिला मारलं, ती मेली. आज तिच्या नावाची बाग शहराच्या मध्यात आहे. जिवंत असताना नाव सांगितलं तर धोंडे, मेल्यावर बाग. माझ्या मावसबहिणीला भित्री म्हणणारानं आधी हे ऐकावं. आपल्याकडं २०१७चा कायदा आहे, संमतीशिवाय माणसाची एच.आय.व्ही.ची गोष्ट उघड करता येत नाही. कायद्याच्या आधी हे साध्या माणुसकीला कळायला हवं होतं.

न्यूयॉर्कचं स्मारक २०१६चं. पांढऱ्या पोलादी त्रिकोणांचा अठरा फुटी मांडव, देखणा आहे. पण समोर सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटल होतं, तिथं १९८४ साली एड्सचा वॉर्ड निघाला होता. ते २०१०मध्ये बंद पडलं, जागेवर श्रीमंतांचे फ्लॅट झाले. दवाखाना गेला, कोपऱ्यावर स्मारक आलं. आपल्या गावात असलं स्मारक मी करणार नाही. आधी ए.आर.टी. केंद्रात गोळ्या आहेत का विचारीन, मग माती भिजवीन.

मला पटलं ते म्युनिकचं. वोल्फगांग टिलमन्सनं २००२ साली केलं. खाली भुयारी रेल्वेच्या स्टेशनात निळ्या फरशीचे खांब होते. त्यानं तसलाच एक खांब वर रस्त्यावर उभा केला, बस्स. जणू खालच्या गर्दीतला एकजण वर आलाय. त्यावर एकाही माणसाचं नाव नाही. मेलेले, लागण झालेले, त्यांचे मित्र, त्यांची घरं एवढे उल्लेख, आणि १९८१पासून आजपर्यंत. 'आजपर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. गोळ्या नीट घेतल्या तर माणूस जगतो, विषाणू दबला की जोडीदारालाही देत नाही. जिवंत माणसाला कबरीचा दगड दाखवू नका.

कुणी म्हणेल, मोठी लाल फीत करू. ती फीत १९९१ साली न्यूयॉर्कच्या कलावंतांनी काढली, कुणालाही घरी कापून टाचणीनं लावता यावी म्हणून. तिचं वीस फुटी फायबर केलं की तिच्यातला जीव गेला.

माझा कच्चा नमुना असा. चौथरा नाही, कठडा नाही. काळ्या पाषाणाचा दीड फुटी ओटा, वरती कोरलेली गोधडी, धावदोऱ्यासकट. तुकडे रिकामे. ज्या घराला वाटेल ते नाव आणील, आज नाहीतर वीस वर्षांनी. बाकीचे कोरेच राहतील, पण टाका प्रत्येकाला असेल.

मावसबहिणीला मातीचा नमुना दाखवला. तिनं हात फिरवला. म्हणाली, "ह्याच्यावर बसता येईल ना? बाजाराच्या दिवशी बायका बसतील."

येईल म्हणालो. नावाचं तिनं काढलं नाही, मीही नाही.

आता तुम्ही बोला.