बाळाच्या पहिल्या इंजेक्शनचे लेबल

बाळ जन्मले की थोड्याच वेळात सिस्टर त्याच्या मांडीत व्हिटॅमिन ‘के’चे इंजेक्शन देतात. प्रत्येक नवजात बाळाला ते द्यावे, अशा सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ साली काढल्या. पण काही आईवडील औषधाच्या लेबलवरची रासायनिक नावे वाचून धास्तावतात आणि इंजेक्शन नाकारतात. लेबल जरूर वाचावे. मात्र नावापुढचे प्रमाणही वाचावे.

मुख्य औषधाचे नाव फायटोमेनाडायोन किंवा फायटोनाडायोन असते. पालेभाज्यांत असते तेच हे ‘के-१’. रक्त गोठायला ते लागते. वारेतून ते बाळापर्यंत फार थोडे पोचते आणि आईच्या दुधातही, ती कितीही सकस जेवली तरी, कमीच असते. एक किलोहून अधिक वजनाच्या बाळाला १ मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला अर्धा मिलिग्रॅम, एवढीच मात्रा. नुसते ‘मेनाडायोन’ लिहिलेले असेल, तर ते ‘के-३’. जास्त मात्रेत त्याने नवजात बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. तेव्हा डॉक्टरांना विचारा.

आता बाकीची नावे. ‘के’ पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून केलेला पदार्थ किंवा पॉलिसॉर्बेट ८० घालून ते पाण्यात मिसळवतात. डेक्स्ट्रोज ही साखर. हायड्रोक्लोरिक आम्लाचे नाव भीतिदायक वाटते. ते द्रावणाची आम्लता जुळवण्यापुरते, अगदी किंचित असते.

सर्वाधिक भीती असते बेंझिल अल्कोहोलची. ते औषध टिकवण्यासाठी घालतात. ही भीती निराधार नाही. १९८२ साली अमेरिकेत त्यामुळे अगदी अपुऱ्या दिवसांची काही बाळे दगावल्याचे उघड झाले. त्या बाळांच्या शिरेतल्या नळ्या हे रसायन असलेल्या द्रावणाने वारंवार धुतल्या जात होत्या. रोज दर किलो वजनामागे सुमारे १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त रसायन अंगात जात होते. व्हिटॅमिन ‘के’च्या ज्या इंजेक्शनात ते असते, त्यातल्या एका प्रचलित प्रकारात १ मिलिग्रॅमच्या मात्रेसोबत ते साडेचार मिलिग्रॅम जाते, आणि तेही एकदाच. तरीही बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर बेंझिल अल्कोहोल नसलेली अँप्युल (औषधाची बंद कुपी) मिळेल का, हे विचारावे. अशी इंजेक्शने असतात.

अँप्युलमधल्या औषधाची तीव्रता आणि मुदतही पाहा. उजेडाने हे औषध खराब होते, म्हणून अँप्युल सहसा गडद तपकिरी काचेची असते. तीव्र ॲलर्जी क्वचित होऊ शकते. त्यासाठीच हे इंजेक्शन दवाखान्यात, देखरेखीखाली द्यायचे.

इंजेक्शन न घेतलेल्या बाळाला दुसऱ्या ते बाराव्या आठवड्यात अचानक रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो बऱ्याचदा मेंदूत होतो. तोवर बाळ अगदी ठणठणीत दिसत असते. म्हणून आपल्या शंका प्रसूतीच्या तारखेआधीच डॉक्टरांपुढे मांडा, लेबल त्यांच्याकडून समजावून घ्या, आणि बाळाला हे इंजेक्शन नक्की द्या.