परदेशी नोंदणीची तयारी पहिल्या वर्षापासून

आज मला परदेशात नर्स म्हणून नोंदणी करण्याबद्दल नर्सिंग शिकणाऱ्या मुलींशी बोलायचं आहे, आणि मुलांशीही, कारण वॉर्डातल्या ब्रदरांना हे सगळं तितकंच लागू आहे. आईवडिलांनीही जरा रेडिओजवळ बसावं. या कामात पैसा त्यांचाच लागतो.

रामटेक, मनसर, देवलापार, पारशिवनी या आमच्या भागातल्या मुली नागपुरात राहून जीएनएम ही नर्सिंगची पदविका नाहीतर बीएस्सी नर्सिंग करतात. मग एखाद्या खासगी दवाखान्यात दोन-तीन वर्षं रात्रपाळ्या काढतात आणि एक दिवस माझ्याकडे येऊन विचारतात, "मॅडम, इंग्लंडला जायचं आहे. कोणकोणते कागद लागतात?" मी नर्सिंग शिकवणारी पाठ्यनिर्देशिका म्हणून नोकरी केली, निवृत्त होऊन इथे राहते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या दारात येतोच. मी प्रत्येकीला सांगते, बाई, हा प्रश्न तू प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी विचारायला हवा होतास.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तिच्यापायी गरीब घरांची फसवणूक होते. एएनएमचा, म्हणजे सहायक परिचारिकेचा, अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. गावपातळीवर त्या सिस्टरचं काम फार मोठं, पण नुसत्या एएनएमवर इंग्लंड किंवा अमेरिकेत नोंदणीकृत नर्स होता येत नाही. त्यासाठी जीएनएम किंवा बीएस्सी लागतं. "एएनएमवर लंडनला पाठवतो" असं कोणी म्हणालं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

परदेशी नोंदणीचा पाया म्हणजे इथली नोंदणी. आपली नोंदणी होते मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत, १९६६ च्या कायद्याखाली. जीएनएम झालेल्या मुलीला नर्स आणि मिडवाइफ असे दोन क्रमांक मिळतात. या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. लग्न, बाळंतपण, सासर यांत कित्येकींचं ते राहून जातं, आणि परदेशी अर्ज करताना ते पहिल्यांदा आठवतं. तिकडच्या परिषदेला आपल्या परिषदेकडून पडताळणी हवी असते: ही मुलगी आमच्याकडे नोंदलेली आहे, नोंदणी चालू आहे, तिच्याविरुद्ध कारवाई नाही. हे पत्र परिषदेकडून परिषदेकडे थेट जातं. तुमच्या हातातल्या झेरॉक्सला तिथे किंमत नाही, आणि नोंदणीच चालू नसेल तर काम तिथेच अडतं.

यानंतर येतं ट्रान्सक्रिप्ट. मुली त्याला गुणपत्रिका समजतात. गुणपत्रिकेत मार्क असतात, ट्रान्सक्रिप्टमध्ये तास असतात. शस्त्रक्रिया विभागात किती तास, बालरोगात किती, प्रसूती कक्षात किती, सामुदायिक आरोग्यात किती; वर्गातले वेगळे, वॉर्डातले वेगळे. मनोरुग्ण परिचर्येसाठी विद्यार्थिनी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पोस्टिंगला जातात. ते दिवस कोणी विसरत नाही, पण त्याचे तास ट्रान्सक्रिप्टमध्ये चढले नाहीत, तर बाहेरच्या अधिकाऱ्याच्या लेखी तुम्ही तिथे गेलाच नाहीत. जर्मनीत याचा हिशेब फार बारकाईने होतो. तिथला मान्यता देणारा विभाग तुमचं शिक्षण त्यांच्या शिक्षणाशी ताडून पाहतो आणि कमी काय पडतं ते लेखी कळवतो. जे कमी पडेल ते तिथे पुन्हा प्रशिक्षण घेऊन किंवा परीक्षा देऊन भरून काढायचं. म्हणजे इथे न लिहिलेल्या तासांपायी तिथे महिने जाऊ शकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मनीची चौकशी आमच्याकडेही वाढली आहे. म्हणून सांगते, नर्सिंगची शाळा सोडायच्या दिवशीच प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं तासांसह ट्रान्सक्रिप्ट मागून घ्या, आणि अभ्यासक्रमाची प्रतही. खासगी संस्था बंद पडतात, हात बदलतात. पाच वर्षांनी गेलात तर जुनी रजिस्टरं कुठल्या कपाटात आहेत हे सांगणारं माणूस तिथे असेलच असं नाही.

आता नाव. परदेशी कागदांत आपल्याकडच्या मुलींना सर्वांत जास्त त्रास होतो तो स्वतःच्या नावाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर क्रम उलटा. पासपोर्टात आडनाव एका रकान्यात, आणि मुलीचं नाव व वडिलांचं नाव दुसऱ्या रकान्यात एकत्र. वानखेडे एका कागदावर व्हीने लिहिलेलं, दुसऱ्यावर डब्ल्यूने. त्यात लग्न झालं की मधलं नाव बदललं, आडनाव बदललं, कुठेकुठे सासरच्यांनी हौसेने पहिलं नावही बदललं. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, सगळं गाव आपल्याला ओळखतं. तिकडे टेबलावर बसलेल्या माणसाला मात्र या तीन वेगळ्या बायका दिसतात.

यावर उपाय आहे, पण तो आधी करावा लागतो. बाहेर जायचा विचार असेल तर लग्नानंतर नाव बदलण्याची घाई करू नका. माहेरच्या नावाने पासपोर्ट काढता येतो आणि चालतो. नाव बदललंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला घ्या, रामटेकात नगर परिषदेतून, खेड्यात ग्रामपंचायतीतून. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या, परिषदेच्या नोंदणीतही तो करून घ्या, आणि पासपोर्ट त्याच स्पेलिंगने काढा. इंग्रजीची परीक्षासुद्धा पासपोर्टावरच्या नावानेच द्या.

याच ओघात आणखी एक सांगते. मूळ प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करू नका. वडील काळजीने करून आणतात, पण साक्षांकनाचे शिक्के त्या प्लास्टिकवर उमटत नाहीत, आणि ते सोलताना कागद फाटतो. शिवाय कोणत्या देशाला कोणतं साक्षांकन चालतं ते आधी विचारा, मगच शिक्के घ्यायला जा.

अनुभवाच्या दाखल्याचं दुखणं आणखी वेगळं. दवाखान्यात पगार रोखीने, नेमणुकीचं पत्र नाही, सोडताना "काम समाधानकारक होतं" अशी दोन ओळींची चिठ्ठी. ती पुरत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वॉर्डात, आठवड्याचे किती तास, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे सगळं लेटरहेडवर हवं, खाली सही करणाऱ्याचं पद आणि चालू असलेला फोन व ई-मेल हवा. आखाती देशांसाठी डेटाफ्लो नावाची कंपनी ही पडताळणी करते. ती थेट दवाखान्याला, कॉलेजला, परिषदेला विचारते. उत्तर आलं नाही तर अहवालात "पडताळता आलं नाही" असा शेरा पडतो, मग पुन्हा अर्ज आणि पुन्हा शुल्क. काम खरं केलेलं असतं, रात्री जागून केलेलं असतं, आणि तरीही मुलीच्या पदरात हा शेरा पडतो. मला याची फार चीड येते.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. इंग्लंडसाठी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, बोलणं यांत ७ आणि लिहिण्यात ६.५ गुण लागतात, किंवा ओईटी ही आरोग्यसेवेसाठीची इंग्रजीची परीक्षा चालते. त्यानंतर संगणकावरची परीक्षा इथे देता येते, आणि प्रात्यक्षिक, ज्याला ऑस्की म्हणतात, ते तिकडे जाऊन. अमेरिकेसाठी एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा. आखातासाठी बहुतेक ठिकाणी प्रोमेट्रिकची परीक्षा. भाषेच्या निकालाला मुदत असते, म्हणून कागद तयार नसताना आधी परीक्षा देऊन बसू नका. निकाल वाया जातो.

एजंटाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. २०१५ पासून आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्सला ईमायग्रेट या सरकारी व्यवस्थेतून मंजुरी घ्यावी लागते, शिक्षण कितीही असो. हा नियम उगाच आला नाही. त्याच सुमारास कुवेतच्या भरतीत एका एजन्सीने केरळच्या नर्सेसकडून, परवानगी १९,५०० रुपयांची असताना, प्रत्येकी १९ लाख ५० हजार घेतल्याचा गुन्हा सीबीआयने नोंदवला होता. आता नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. त्याचा परवाना क्रमांक ईमायग्रेटच्या संकेतस्थळावर तपासा, पैसे बँकेतून द्या, पावती घ्या, आणि मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही ताब्यात ठेवू नका. धानाचं शेत गहाण ठेवून निघालेल्या मुलीला तिथे पोचण्याआधीच कर्ज फेडायची घाई लागते, आणि मग ती कुठल्याही करारावर सही करते.

शेवटचं मागणं नागपूर जिल्ह्यातल्या डॉक्टरांकडे, अधिसेविकांकडे आणि नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्यांकडे. तुमच्याकडे शिकून किंवा काम करून गेलेल्या मुलीबद्दल परदेशातून पडताळणीचा ई-मेल येईल. तो जाहिरात समजून पुसू नका. जुनं रजिस्टर काढा, तारखा बघा आणि आठवड्याच्या आत उत्तर पाठवा.