भाताच्या खाचराचा बांध

(अमेरिकेतल्या मराठी मंडळात झालेलं व्याख्यान. मध्येच आलेले प्रश्न जागच्या जागी ठेवले आहेत.)

चिटणीसबाईंनी फोनवर एकच विनंती केली होती : ‘क्षयरोगावर बोला, पण आमच्या उपयोगाचं बोला. इथे कुणाची ना कुणाची ती कातडीवरची चाचणी पॉझिटिव्ह येते आणि सगळं घर हादरतं.’ म्हणून जंतू कसा पसरतो वगैरे सांगत बसत नाही.

काल आल्या आल्या पकिप्सीला जाऊन आले. आनंदीबाई जोशींच्या अस्थी तिथे, त्यांना अमेरिकेत आसरा देणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत. १८८६ साली फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती. रॉबर्ट कॉखने जंतू १८८२ सालीच दाखवला होता. कारण ठाऊक होतं, औषध यायला अजून जवळजवळ साठ वर्षं होती. त्या स्वतः डॉक्टर. आपल्याला काय होतंय हे त्यांना कळत असणार. तिथे उभी असताना हे मला फार लागलं.

आता मला खटकणारी एक उपमा. रोगप्रतिकारशक्ती म्हणजे सैन्य, जंतू म्हणजे शत्रू, सैन्य तगडं असलं की शत्रू खलास. क्षयाला ती लागू पडत नाही आणि तिच्यामुळे माणसांचं नुकसान होतं. ‘मी धडधाकट, मला कशाला होईल?’ म्हणत दोन-दोन महिने खोकला अंगावर काढलेली माणसं मी तपासली आहेत.

मला आठवतात ते मुळशीतले बांध. आज लवासा आहे ते मोसे नदीचं खोरं, दासवे, मुगाव, धामणओहोळ. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी तिथल्या वाड्यांवर तपासणीला जात असे. उतारावर भाताची खाचरं. पावसाच्या तोंडावर माणसं बांधाला चिखल लिंपत बसलेली दिसायची, कारण खेकडे त्याला भोकं पाडतात. एक भोक राहिलं की रात्रीतून खाचर रिकामं, आणि पाणी उतरतं ते खालच्याच्या शेतात.

फुप्फुसात हेच चालतं. तिथल्या भक्षक पेशी जंतूला गिळतात. एरवी गिळलेला जंतू ज्या पिशवीत असतो ती पाचक रसाच्या पिशवीला जाऊन मिळते आणि जंतू संपतो. हा जंतू ती भेटच होऊ देत नाही. गिळणाऱ्या पेशीतच मुक्काम करतो. अंगावर मेणचट कवच, आणि वाढ इतकी संथ की एकाचे दोन व्हायला जवळपास २० तास. मग टी पेशी येतात, इंटरफेरॉन-गॅमा सोडून भक्षक पेशींना चेतवतात, आणि सगळ्या मिळून जंतूंभोवती कडं करतात. हाच ग्रॅन्युलोमा. माझ्या लेखी हाच बांध. सगळे जंतू मरतात असं नाही, काही अडून राहतात. लागण झालेल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. बाकीच्यांचा बांध टिकतो, पण तो सतत लिंपावा लागतो. टीएनएफ नावाचं रसायन हा त्यातला चिखल.

इथे तुमच्याशी थेट संबंध येतो. संधिवात, सोरायसिस किंवा आतड्यांच्या क्रोन्स रोगासाठी इन्फ्लिक्सिमॅब, ॲडालिमुमॅब अशी इंजेक्शनं काहीजण घेत असतील. ती नेमकं टीएनएफच अडवतात. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० जणांना क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिकांना पहिल्या तीन डोसांच्या आतच. म्हणून इंजेक्शन सुरू करण्याआधी लपलेल्या क्षयाची तपासणी झाली आहे ना, हे विचाराच. मधुमेहानेही धोका दुपटी-तिपटीने वाढतो. आपल्या घराघरांत मधुमेह आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

(मागून एक काकू : ‘म्हणजे पानशेतच की हो!’)

हो काकू! तुम्ही तेव्हा पुण्यात होतात? शनिवारात? १२ जुलै १९६१. मोसेच्या शेजारच्या खोऱ्यातलं धरण, काम पुरं व्हायच्या आत पाणी साठलं आणि ते फुटलं. पाणी घरात कुठवर चढलं हे जेवताना सांगा मला. उपमा माझ्यापेक्षा नेमकी आहे. फुप्फुसातला बांध फुटतो तेव्हा आतला चक्क्यासारखा झालेला भाग श्वासनळीत रिकामा होतो, मागे पोकळी उरते, आणि जंतू खोकल्याबरोबर बाहेर पडतात. खालच्याच्या शेतात.

पण बांध जितका उंच तितका चांगला, असंही नाही. खाचरात पाणी फार तुंबलं की रोप कुजतं. ती पोकळी पाडण्यात जंतूपेक्षा आपल्याच पेशींनी केलेल्या दाहाचा वाटा मोठा. मेंदूच्या आवरणाचा क्षय असेल तर आम्ही औषधांबरोबर स्टेरॉइड देतो, म्हणजे प्रतिकार मुद्दाम थोडा दाबतो. २००४ साली व्हिएतनाममधल्या चाचणीत त्यामुळे मृत्यू कमी झाले. म्हणून ‘इम्युनिटी वाढवा’ असं लिहिलेला डबा पाहिला की मला चीड येते. नेमकं काय वाढवायचं? कामाला येतं ते पोटभर जेवण. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना जादा शिधा दिला, तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला.

(प्रश्न : चाचणी पॉझिटिव्ह आली, एक्स-रे स्वच्छ आहे. मग?)

मग रोग नाही, फार तर बांधामागे पाणी आहे. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांना कातडीवरची चाचणी फसवू शकते. रक्तातली आयजीआरए चाचणी करून घ्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. तीही पॉझिटिव्ह आली तर इथे आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे औषध देतात. ते घ्या. यात लपवण्यासारखं काही नाही.

(प्रश्न : लवासात आमचा फ्लॅट आहे. वडिलांना तरुणपणी क्षय झाला होता. डोंगरातल्या हवेला ठेवलं तर बरं ना?)

हा विचार आपल्याकडे मुरलेला आहे. माझ्या आजीच्या पिढीत लोक पाचगणीला जायचे, मिरजेजवळ वॉनलेसवाडीला जायचे. १९५९ साली मद्रासच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले : काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, काही आपल्या दाटीच्या घरात, औषधं तीच. वर्षअखेर बरं होण्यात फारसा फरक नव्हता, आणि घरच्यांनाही जास्त लागण झाली नाही. बरं करतं ते औषध. दासव्याची हवा छान आहे, संध्याकाळी वरसगावच्या पाण्यावरून वारा येतो तेव्हा मलाही तिथून उठवत नाही. वडिलांना आवडत असेल तर जरूर ठेवा. पण पावसाळ्यात घाटात धुकं असतं, पुणं साठेक किलोमीटर दूर, आणि साखर बिघडली, खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासायला कोण नेणार, हे आधी ठरवा. त्यांचा जुना एक्स-रे आहे का? फोनवर फोटो असला तरी चालेल. आणि आत्ताचा काढलेला असेल तर तोही. दोन्ही शेजारी ठेवून बघू, जेवणाच्या आधीच या.