नाळ कोठे पुरली?
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



‘आमची नाळ तिकडेच पुरली आहे,’ असे आपल्यातील वडीलधारी मंडळी गावाच्या आठवणीने म्हणतात. हा केवळ वाक्प्रचार नव्हे. बाळंतपणे घरी होत, तेव्हा सुईण नाळ कापी आणि वारेसह ती परसात पुरली जाई. दूर न्यूझीलंडच्या माओरी लोकांत तर भूमी आणि वार या दोहोंना ‘फेनुआ’ हा एकच शब्द आहे. वार कुळाच्या भूमीत पुरली की मूल त्या भूमीशी जोडले जाते, अशी त्यांची श्रद्धा. तेथील रुग्णालये आज कुटुंबाने मागितल्यास वार परत देतात.

आपली मुले जयपुरात जन्मली. कोणी चांदपोलच्या जनाना रुग्णालयात, कोणी अन्यत्र. त्यांची नाळ कोणाच्याच परसात नाही. मग त्यांनी आपले गाव कोणते सांगावे?

आपल्या स्त्रियांनी या प्रश्नाची वाट पाहिली नाही. तिसऱ्या महिन्यातील चोरओटी, सातव्यातील डोहाळजेवण, हिरवी साडी, फुलांची वाडी, हे सारे त्यांनी येथे आणले. (पेढा की बर्फी हा खेळ मात्र आता पुरे झाला, असे मला वाटते.) पाचवीला पाटा-वरवंटा पूजताना त्यांना कळले की, आपली सटवाई जे बाळाच्या कपाळी लिहिते तेच येथे बेमाता लिहिते. डिंक आणि सुंठ दोन्हीकडे. अळीव आणि बाळंतशेपा आपण आणला. येथील बाळंतीण माहेरचा ‘पीळा’ पांघरून विहीर पूजते, हे पाहून आपल्या लेकींनाही तो पिवळा रंग आवडू लागला.

सर्वच जपण्याजोगे होते असे नाही. पहिला चीक पिळून टाकून बाळाला मध चाटविणे, बाळंतिणीचे पाणी तोडणे, कोंदट खोलीत शेगडीचा धूर, यांनी माता व बालके दोघांचेही अहित केले. चीक हेच बाळाचे पहिले संरक्षण असल्याने पहिल्या तासाभरातच अंगावर पाजावे, असे वैद्यक आज सांगते. तेथे आजीबाईंनी डॉक्टरांचे ऐकावे.

बारशाला मात्र आत्याच हवी. बदलीच्या नोकरीत नागपूरची आत्या बाराव्या दिवशी पोहोचेलच असे नाही. अशा वेळी शेजारची राजस्थानी ‘भुआ’ पुढे होते, मराठी नाव दोनदा विचारून घेते आणि पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात सांगते.