एक वर्ष थांबायचं, पण कसं?

वढू बुद्रुकसारख्या गावात बी.एस्सी., बी.कॉम. झालेल्या मुलांपुढे जूनमध्ये पेच असतो: लगेच एम.एस्सी., एम.बी.ए.ला जायचं, की वर्षभर सणसवाडी-रांजणगावच्या कंपनीत काम करून फीचे पैसे जमवायचे?

वढूशेजारच्या कोरेगाव भीमा इथं १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. शिक्षणात खंड पडणं त्यांनी स्वतः सोसलं होतं. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यानं १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून यावं लागलं. पण निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करायची परवानगी विद्यापीठाकडून घेतली होती. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले. काही मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांचंही साहाय्य मिळालं. १९२० मध्ये ते लंडनला परतले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. ती परवानगी मला फार महत्त्वाची वाटते.

आज असा दरवाजा क्वचितच राखून ठेवला जातो. ‘गेट’ या प्रवेश परीक्षेचे गुण तीन वर्षं चालतात, पण एम.बी.ए.च्या सीईटीचे त्या वर्षीच्या प्रवेशापुरतेच. पुढल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी खंड प्रमाणपत्र, म्हणजे आपलं ‘गॅप सर्टिफिकेट’, मागतात. घरच्यांना धास्ती असते ती वेगळीच, पगाराची चटक लागली की पुस्तक सुटतं. ती खोटी नाही. म्हणून नोकरी धरतानाच विचारा: परीक्षेच्या आठवड्यात रजा मिळेल का?