फुलीचा टाका आणि वाढदिवसाची भेट



या शाळेने आपल्या शिवणाच्या बाईंच्या स्मरणार्थ व्याख्यान ठेवावे आणि ते देण्यासाठी मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेला बोलवावे, याचे काहींना नवल वाटले असेल. निमंत्रण आले तेव्हा विषय काय घेऊ, असे मी विचारले. 'बाईंना आवडला असता असा' एवढेच उत्तर मिळाले. बाईंना साहित्यावरची भाषणे फारशी आवडत नसत. म्हणून मी आज त्यांच्याच विषयावर बोलणार आहे. तो विषय म्हणजे फुलीच्या टाक्याचे भरतकाम आणि त्यातून सांवेर रोडवरच्या बारा बायकांनी एकमेकींना दिलेल्या वाढदिवसाच्या भेटी. बाईंचा उल्लेख मी 'शिवणाच्या बाई' असाच करीन, कारण त्यांना नावाने हाक मारलेली मी शाळेत कधी ऐकली नाही. नावाचा प्रश्न पुढे येणारच आहे.

भाषेच्या माणसाने आधी शब्दांकडे पाहावे. 'कशिदा' हा शब्द फारसीतून आला, त्याच्या मुळाशी 'ओढणे' ही क्रिया आहे. 'दोसुती' या कापडाचे नाव आपले आपणच अर्थ सांगते : उभे दोन सूत, आडवे दोन सूत. त्यामुळे कापडावर चौकटी पडतात आणि त्या मोजता येतात. 'फुली' मात्र मोठी गमतीची आहे. नाकातल्या चमकीला आपण फुली म्हणतो आणि चुकलेल्या गणितावर मास्तर मारतात तीही फुलीच. शाळेच्या वहीत जी खूण लाजिरवाणी, तीच दोसुतीवर शेकड्यांनी घातली की मोर होतो. बेळगाव-धारवाडकडच्या कसुतीत याच टाक्याला मेथीच्या दाण्यावरून नाव पडले आहे. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी या कसुतीच्या चार टाक्यांपैकी हा चौथा. तेव्हा फुलीचा टाका गोऱ्या मडमांनी आपल्याला शिकवला, हे म्हणणे अर्धेच खरे.

अर्धे खरे अशासाठी की शाळेतले भरतकाम खरोखरच तिकडून आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये चौकटीच्या कागदावर रंगवलेले नमुने विक्रीस निघाले. एक चौकट म्हणजे एक टाका. ज्याला मोजता येते त्याला चित्र काढता येवो न येवो, भरता येऊ लागले. १८९० च्या सुमारास जर्मनीतच खास या कामासाठी विणलेले जाळीदार कापड निघाले, त्याचीच भावंडे आपल्या दुकानांत मॅटी म्हणून विकली गेली. इकडे मिशनरी बायकांनी काढलेल्या मुलींच्या शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुई-दोरा होताच. पुढे आपल्या लोकांनी काढलेल्या स्त्रीशिक्षणसंस्थांनीही तो ठेवला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात तर शिवण-भरतकाम हा पोटापाण्याचा विषय होता.

घरात आल्यावर या कलेचे जे झाले, त्याबद्दल मला थोडे कठोर बोलायचे आहे. ती रुखवतात जाऊन बसली. 'सुस्वागतम्'चे तोरण, हंसांची जोडी, रेडिओवरचे आच्छादन, इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलीने रोमन अक्षरांत भरलेले 'स्वीट ड्रीम्स'चे उशीचे अभ्रे. दोन-दोन वर्षे डोळे ताणून भरलेले काम मांडवात दोन तास मांडले जाई. पाहणाऱ्या दहा जणींत नऊ जणी 'छान आहे हो' म्हणून जिलबीच्या पंगतीकडे वळत. वरपक्षाची एखादी जाणती बाई कापड उलटून मागची बाजू पाही, तीही दाद द्यायला नव्हे, खोड काढायला.

आपल्याकडे देण्याघेण्याचे प्रकार थोडे नाहीत. आहेर आहे, परतीचा आहेर आहे आणि कोणी काय दिले याची यादी ठेवणारी आहेराची वही आहे. दिलेल्या भेटीच्या पोटात घेण्याचे आणि परत करण्याचेही बंधन दडलेले असते, हे मार्सेल मोस या फ्रेंच पंडिताने १९२५ च्या आपल्या निबंधात मांडले. आपल्या आजीला ते त्या वहीवरून ठाऊक होते. संक्रांतीचे वाण आहे, ते तर आपण 'लुटतो'. बाळंतविडा आहे : झबली, टोपरी, कुंची, दुपटी. यातले जवळजवळ सगळे हातचे, आणि प्रेमाचेही. पण पाहा, बाळंतविडा बाळाला जातो, आहेर नात्याला जातो, वाण सवाष्णपणाला जाते. चाळिशीच्या एखाद्या बाईला, ती अमुक दिवशी जन्मली एवढ्याच कारणासाठी, कोणी स्वतःच्या हाताने काही करून दिले आहे, असा रिवाज आपल्या घरांत मला फारसा आढळला नाही.

आणि तो दिवस तरी ठाऊक कुठे असे? महाराष्ट्रात ज्यांची जन्मतारीख घरी नोंदलेली नसे त्यांना मास्तर १ जून देत, कारण शाळा जूनमध्ये उघडे. आमच्या मध्य प्रदेशात अशी सारी मंडळी १ जुलैला जन्मली. नावाचेही तसेच. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्या मुलाने अंगठीने नवे नाव लिहिले, की जुने नाव माहेरच्या उंबऱ्यापलीकडे राहिले.

आता सांवेर रोडकडे येते. इंदूरहून सांवेरमार्गे उज्जैनकडे जाणारा हा रस्ता बाहेरच्यांना कारखान्यांसाठी ठाऊक आहे. औषधे, गोळ्या-बिस्किटे, यंत्रांचे सुटे भाग. बाणगंगेपासून पुढे या कारखान्यांच्या आधाराने वस्ती वाढली, तीत होळकरांच्या काळापासून इथे असलेली मराठी घरे होती तशी खानदेश-वऱ्हाडातून नोकरीसाठी आलेलीही होती. १९८० च्या सिंहस्थात उज्जैनला जाणाऱ्या गाड्यांनी हा रस्ता दिवसरात्र भरून वाहत होता. त्याच वर्षी शिवणाच्या बाईंनी ही भिशी सुरू केली. होय, भिशीच, पण पैशांची नव्हे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात बारा चिठ्ठ्या पडत. जिला जी चिठ्ठी येई, तिने त्या बाईच्या वाढदिवसाला फुलीच्या टाक्याचे एक काम करून द्यायचे, आणि तोवर नाव फोडायचे नाही. विकतचे चालणार नाही. सामानाचा खर्च सगळ्यांचा सारखा. आलेली वस्तू भिंतीवर लावायची की पेटीत ठेवायची, हे घेणारीने ठरवायचे. मी त्या बाराजणींतली एक होते.

पहिल्याच चिठ्ठ्यांच्या वेळी बाई म्हणाल्या, "चिठ्ठीवर माहेरचं नाव लिहा."

एक वयस्क बाई हसल्या. म्हणाल्या, "बाई, ते मला आता लिहिता तरी येईल का!" त्यांनी लिहिले, आणि लिहून झाल्यावर चिठ्ठी लगेच दुमडली नाही. ज्यांना जन्मदिवस ठाऊक नव्हता अशा चौघी निघाल्या. १ जुलैला चार भेटी नकोत, म्हणून बाईंनी त्यांना आपापला दिवस निवडायला सांगितले. एकीने नागपंचमी घेतली, कारण त्या दिवशी माहेरी झोपाळा असे.

भेटीच्या कोपऱ्यात माहेरच्या नावाचे पहिले अक्षर भरायचे, असा दंडक होता. आणि इथे माझ्यातली प्राध्यापिका जागी झाली, कारण नमुन्यांच्या पुस्तकांत अक्षरे असत ती रोमन. आमच्या पिढीच्या रुमालांवर 'शांता'साठी 'एस' आणि 'मंदा'साठी 'एम' आहे, ते याच कारणाने. बाईंनी मुलांच्या आलेखवहीचे कागद घेऊन देवनागरीची अख्खी वर्णमाला नऊ चौकटी उंचीत बसवली. शिरोरेषा म्हणजे फुल्यांची एक सरळ ओळ, ती आपोआप बसते. 'ग', 'न', 'म', 'प' ही अक्षरे उभ्या दांड्याच्या जोरावर सरळ उभी राहतात. पण 'ह', 'इ' आणि 'छ' यांचे वळसे चौकटीला जुमानत नाहीत. 'ळ'ला तर बाईंनी सहा वेळा मोडून पुन्हा मांडले. अर्धी फुली, पाऊण फुली घालून गोलाई आणली तरी पहिली वेलांटी तोंड फिरवून बसे. त्यावर आम्ही जेवढा वाद घातला तेवढा शुद्धलेखनाच्या समितीतही मी पुढे पाहिला नाही. इंदुराने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन साहित्यसंमेलने पाहिली. देवनागरीच्या लेखनाची जितकी बारीक चर्चा त्या ओसरीवर झाली, तितकी त्या मांडवांत झाली असेल असे मला वाटत नाही.

काम किती असे, त्याचा हिशेब सांगते. शंभर फुल्या रुंद आणि शंभर फुल्या उंच असा चौकोन भरायचा तर फुल्या दहा हजार. इंचाला चौदा चौकटींच्या कापडावर तो सात इंचांहून थोडाच मोठा होतो. एका फुलीला दोन तिरके टाके, म्हणजे सुई चार वेळा कापडातून आरपार. चाळीस हजार वेळा सुई जाते आणि येते. तासाला शंभर फुल्या धरल्या तर शंभर तास, तेही गिरणीचा, कारखान्याचा, शाळेचा डबा भरून झाल्यावर उरलेले. सहा पदरांच्या लडीतून दोनच पदर वेगळे काढायचे. गाठ मारायची नाही, दोऱ्याचे टोक मागच्या टाक्यांखाली दडवायचे. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक फुलीचा वरचा पाय एकाच दिशेला झुकला पाहिजे, नाहीतर उजेड सारखा पडत नाही आणि काम मळकट दिसते.

हे सगळे घेणारीला ठाऊक असे. भिशीचे मर्म इथे आहे. साडी भेट दिली तर घेणारी किंमत ओळखते. भरणारीने भरणारीला दिले तर ती तास ओळखते. भेट हातात आली की प्रत्येकजण आधी ती उलटी करी, आणि रुखवतातल्या जाणत्या बाईसारखी खोड काढायला नव्हे. मागच्या बाजूला दोरा कुठे संपला, कुठे उसवून पुन्हा घातला, कुठे घाई झाली, हे ती पत्र वाचावे तसे वाची. एकदा एकीने मान वर न करताच विचारले, "श्रावणात आजारी होतीस का गं?" ती होती.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरतकामाचा एक नमुना आहे. इंग्लंडातल्या तारीखवार नमुन्यांत तो सर्वांत जुना मानतात. जेन बॉस्टॉक नावाच्या बाईने तो १५९८ मध्ये भरला. त्यावर तिचे नाव आहे, आणि अ‍ॅलिस ली नावाची मुलगी २३ नोव्हेंबर १५९६ रोजी, मंगळवारी दुपारनंतर जन्मली, हेही तिने टाक्यांनी लिहून ठेवले आहे. त्या काळच्या किती मुलींचा जन्मवार आज कोणाला सांगता येईल? अ‍ॅलिसचा सांगता येतो, कारण दुसऱ्या एकीने तो सुईने नोंदवला. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "तिला मागची बाजू बघू देतात का?"

आता एकाच भेटीची हकीकत सांगून थांबते. इंदूरच्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिच्या कामगारांना थकलेले पैसे मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. आमच्या भिशीतल्या एकीचे यजमान अशाच एका गिरणीत होते. चार महिने वाट पाहून ते कुटुंब खानदेशातल्या आपल्या गावी निघाले. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ती बाईंकडे आली, पिशवीतून अर्धे झालेले तुळशीवृंदावन काढून त्यांच्या हातात दिले, आणि चिठ्ठीवरचे नाव सांगितले. सुई कापडातच टोचलेली होती.

उरलेले काम बाईंनी दुसरीकडे दिले. त्या दुसरीच्या हाताचा झोक उलटा. तिच्या फुलीचा वरचा पाय डावीकडे झुके, पहिलीचा उजवीकडे. आपण झोक बदलून जुळवून घेऊ, असे ती म्हणाली. एरवी एका चुकल्या टाक्यासाठी ओळ उसवायला लावणाऱ्या बाई त्या दिवशी म्हणाल्या, "नको. तुमचा हात तुमचाच राहू दे."

वाढदिवसाला ते वृंदावन ज्यांच्या हाती पडले त्यांनी ते खिडकीशी नेले. उजेडात थोडे तिरपे धरले. वृंदावनाच्या तिसऱ्या पायरीवरून बोट फिरवले, मग उलटून पाहिले. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे दोघींचं आहे. खालचं तिचं. ती इथवर आली होती." आणि पायरीवर बोट ठेवले.

पुढच्या संक्रांतीला चिठ्ठ्या अकराच व्हायला हव्या होत्या. डब्यात बारा निघाल्या. बारावी कोणी टाकली हे बाईंनी विचारले नाही आणि काढूही दिली नाही. एकीने दोन भेटी भरल्या. जुलैत एक पार्सल कापडात शिवून खानदेशात गेले. पत्ता सासरच्या नावाने लिहावा लागला, नाहीतर पोस्टमनला घर सापडले नसते. माहेरचे अक्षर आत, कोपऱ्यात होते. महिन्याभराने बाईंच्या नावे पोस्टकार्ड आले. त्यात गावच्या पावसाची, मुलाच्या शाळेची आणि यजमानांना जिनिंगमध्ये काम लागल्याची बातमी होती. शेवटी, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरांत, कडेने लिहिले होते : काठाला जो लाल दोरा लावला आहे त्याचा क्रमांक कळवावा, इथल्या दुकानात तसा मिळत नाही, आणि मला चिठ्ठी कोणाची आली तेही कळवावे.